शिट्टीच्या भरवशावर

बारावीनंतर डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे त्या काळी आमच्या पाचोडकडं लग्न ठरल्यासारखंच होतं. दोन वर्षं काढायची, झेडपीच्या शाळेत मास्तर व्हायचं, की जन्माची ददात मिटली. माझा नंबर लागला होता आणि मी तो सोडला. गावानं मला वेड्यात काढलं ते तेव्हापासून, आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं.

मला हायस्कूलच्या पोरांना कबड्डी शिकवणारा खेळाचा सर व्हायचं होतं. त्यासाठी आधी औरंगाबादला जाऊन तीन वर्षं बी.ए. करायचं, मग वर्षभराचं बी.पी.एड., आणि त्यानंतर कुठं जागा निघाली तर निघाली. सरळ सडक सोडून मी वळसा धरला होता, आणि वळशाच्या शेवटी गाव आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं नाव कुणी घेत नसे. मी बोलताना अडायचो. शब्द घशाशी येऊन उभा राहायचा, जबडा आवळायचा, डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस ओशाळून जमिनीकडं बघायला लागायचा. क, स, म ही अक्षरं तर माझी सात जन्मांची वैरी. माय लहानपणी मधात वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावायची. त्यानं जीभ पोळायची, बाकी काही व्हायचं नाही. शाळेतल्या पोरांनी मला ‘तोतऱ्या’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्यांना किती सहज म्हणता येतं याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचा आवाज पंचक्रोशीत नावाजलेला. पाचोडला मोसंबीचा हर्रास, म्हणजे लिलाव चालायचा, त्यात बोलीचा पुकारा दादाच करायचे. बाजाराच्या एका टोकाला ते बोलले की दुसऱ्या टोकाला चहा पिणाऱ्याला भाव कळायचा. अशा माणसाच्या पोटी मी. लोकांना त्याची मजा वाटायची, मला मात्र कधी वाटली नाही.

दादांना एक सवय होती. मी अडलो की माझा शब्द ते पुरा करायचे. पाहुण्यानं ‘कितवीला रे तू?’ विचारलं आणि मी ‘द... द...’ करायला लागलो, की दादा ‘धाव्वीला हाय’ म्हणून मोकळे. ते मायेनंच करायचे, मला त्या माणसासमोर लोंबकळत ठेवणं त्यांना सोसायचं नाही. पण हळूहळू मी वाक्यं अर्धीच बोलायला लागलो. उरलेली दादा बोलणार, हे ठरून गेलं होतं.

फक्त कबड्डीत मी अडत नव्हतो. ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम क नं सुरू होतो, आणि क माझा वैरी. तरी चढाईला गेलो की तो दम असा सुटायचा की पलीकडच्या अंगणात जाऊन गडी मारून परत येईपर्यंत जिभेला कुठं ठेच लागायची नाही. आणि आमच्या हायस्कूलचे खेळाचे सर दिवसभरात बोलायचे तरी किती? एक शिट्टी वाजली की जमायचं, दोन वाजल्या की थांबायचं, लांब वाजली की दप्तर उचलून घरी. मी मनाशी पक्कं केलं, की जगात मास्तरकीचा एकच प्रकार असा आहे ज्यात बोलायचं काम शिट्टी करते. एवढ्या अकलेवर मी डी.एड. सोडलं.

दादा बाजारातून आले आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसले.

“डी.एड.चं काय करतूस?”

“न... न...”

“नाय जायचं? का नाय जायचं?”

“मला खे...”

“खेळायचंय. खेळून पोट भरतं व्हय रं?”

मला मुलांसमोर बोलता येणार नाही, हे वाक्य मी तोंडात जुळवत होतो. ‘मला मु...’ इथपर्यंत आलो आणि अडलो.

“मुदत पायजे? घे मुदत. ती सरली की मंग बस बोंबलत.”

माझं वाक्य दादांनी त्यांच्या परीनं पुरं केलं होतं. मी मान हलवली. मुदत घेता घेता डी.एड.ची तारीख निघून गेली, आणि दादा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

बी.ए. मी मागच्या बाकावर बसून आणि कबड्डीच्या जोरावर पार पाडलं. बी.पी.एड.च्या निवड चाचणीत धावणं होतं, उडी होती, गोळाफेक होती आणि खेळ होता. बोलायचं काहीच नव्हतं. आपला अंदाज खरा ठरला, असं वाटून मी त्या दिवशी मित्रांना भजी खाऊ घातली.

ती भजी अंगाला लागली नाहीत. कवायतीचे सर छावणीत राहणारे, लष्करातून निवृत्त झालेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा सगळ्यांच्या शिट्ट्या काढून घेऊन पेटीत टाकल्या.

“सीटी कुत्ते को बुलाने के लिए होती है,” ते म्हणाले. “बच्चों को आवाज दो.”

मग त्यांनी आमच्या दोन रांगा करून मैदानाच्या दोन टोकांना उभ्या केल्या. इकडच्यानं हुकूम द्यायचा, तिकडच्या जोडीदारानं तो पाळायचा. सगळ्यांनी एकदम ओरडायचं आणि त्या गलक्यातून आपला आवाज आपल्या माणसापर्यंत पोचवायचा. माझा जोडीदार विश्रामात उभा होता. मी ‘सावधान’साठी तोंड उघडलं आणि ‘सा’वरच दात आवळले गेले. बाकीच्यांचे जोडीदार सावधान झाले, उजवीकडं वळले, चालायला लागले. माझा बिचारा पाय फाकून, हात मागं बांधून तसाच उभा. त्याला वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाही. तो कानाला हात लावून पुढं वाकला.

गंमत म्हणजे ‘विश्राम’ मला यायचं. ‘व’ माझ्या वाटेला जात नसे. म्हणजे मी पोरांना सैल सोडू शकत होतो, ताठ उभं करू शकत नव्हतो. असल्या मास्तराचं शाळा काय करणार?

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या नळावर तोंड धुताना मला रडू कोसळलं. माझ्याबरोबर डी.एड.ला नंबर लागलेला गावचा एकजण तोवर शाळेत रुजू झाला होता आणि सायकलवरून ऐटीत जात होता. मी ज्याला भिऊन तीन वर्षं पळालो तेच माझ्यासमोर उभं होतं, आणि तेही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल एवढ्या मोठ्यानं. मागं जायला वाट नव्हती, पुढं जायला जीभ नव्हती. मला त्या नळाखालून उठावंसंच वाटेना.

मी युक्त्या करून पाहिल्या. आधी ‘वर्ग’ म्हणून मग ‘सावधान’ म्हणायचं. तर वर्ग सुटायचा आणि सावधान मागं राहायचं. कबड्डीच्या दमासारखं एका श्वासात म्हणायचं. तर मैदानावर हसू पिकायचं. लहान सराव पाठांना मी वर्गनायकाला पुढं करून वेळ मारून नेली. वार्षिक पाठाला मात्र ते चालणार नव्हतं. परीक्षक बाहेरून येणार, हुकूम मीच द्यायचा, आणि पाठात नापास झालो की पदवी गेली.

तो पाठ छावणीकडच्या एका शाळेच्या मैदानावर होता. मैदानाला रस्त्याच्या बाजूनं कमरेएवढी भिंत होती. कडुनिंबाखाली परीक्षक आणि आमचे सर खुर्च्यांवर बसले. आठवीची पोरं माझ्यासमोर विश्रामात उभी राहिली.

दादा त्या दिवशी मोसंबीच्या गाडीबरोबर शहरात आले होते. पोरगं शिकतं तरी काय ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून विचारत विचारत शाळेपर्यंत आले आणि भिंतीबाहेर उभे राहिले. मला त्याचा पत्ता नव्हता.

“वर्ग,” मी म्हणालो, आणि अडलो. जबडा आवळला, डोळे मिटले. पोरांची चुळबुळ ऐकू यायला लागली. कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मला वाटलं, आता इथंच जमीन दुभंगावी.

आणि भिंतीपलीकडून हर्रासातला आवाज आला. “सावधान!”

सगळ्या वर्गाच्या टाचा एकदम जुळल्या. इतकं देखणं सावधान मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. क्षणभरानं पोरांच्या लक्षात आलं की हुकूम आपल्या सरांनी दिलेलाच नाही, आणि मग अख्खी रांग फुटून हसायला लागली. परीक्षक खुर्चीतून अर्धवट उठून भिंतीकडं बघत होते.

“पाठ रद्द,” आमचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले. “मैंने हाथ जोडके एक मौका माँगा है. अगले हफ्ते फिरसे. तब भी नहीं हुआ तो घर जाओ.”

दादा भिंतीला वळसा घालून आले ते हसतच. “एवढंच व्हतं व्हय? मी हुतो की!” त्यांना खरंच वाटत होतं, वेळेवर मदत झाली.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी कप बाजूला सारला. “दादा, तुम्ही मा... मा...”

“माजं चुकलं म्हणतूस?”

मी मान नकारार्थी हलवली. “तुम्ही माझं बो... बो...”

“बोलावणं नव्हतं म्हणून...”

मी हात पुढं केला आणि त्यांच्या तोंडावर धरला. आमच्याकडं बापासमोर पोरगा पाय पसरून बसत नाही. शेजारच्या बाकावरची माणसं कप हातात धरून बघत राहिली. मी हात तसाच ठेवला आणि कितीही वेळ लागो म्हणून ते वाक्य ओढून काढलं. “तुम्ही माझं बोलणं बोलू नका.” जन्मात पहिल्यांदा दादांसमोर माझं एक वाक्य माझ्याच तोंडून पुरं झालं होतं. मी हात काढला. दादांनी चहा संपवला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते स्टँडकडं निघून गेले. मला आनंद झाला नाही. एका दिवसात पाठ गेला आणि बापही गेला, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

दोन दिवस मी अंथरुणातच होतो. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ भेटायला आला. तो वाळूजला एका कारखान्यात होता. “मशीनसमोर कोण बोलतंय? चल माझ्यासंगं,” तो म्हणाला. मला ते एकदम पटलं. शिट्टीनंतर आता मशीन. दुपारच्या पाळीच्या बसनं आम्ही गेलो. चुलतभाऊ सुपरवायझरला विचारायला आत गेला आणि मी गेटवर थांबलो.

“नाव?” वॉचमननं विचारलं.

माझं नाव म नं सुरू होतं. मी ‘म’वर उभा राहिलो, उभाच राहिलो. मागून पाळीची माणसं येत होती. वॉचमननं थोडं थांबून मला हातानंच बाजूला सारलं आणि मागच्याला विचारलं, “नाव?” त्यानं सांगितलं आणि तो आत गेला. त्याच्यामागचाही गेला. मी गेटच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला स्वच्छ दिसलं, की न बोलता करायचं काम जगात नाहीच. गेटातून आत जायलासुद्धा बोलावं लागतं. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. मी अडलो की लोक हसतात, खाली बघतात, माझं वाक्य पुरं करतात, मला बाजूला सारतात. थांबत कुणी नाही. चुलतभाऊ बाहेर येण्याआधीच मी परतीची बस धरली.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी तेच मैदान होतं, तीच पोरं. मला बघताच ती एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि हुकूम देण्याआधी, पाठाच्या टाचणात नव्हतं ते बोलायला सुरुवात केली.

“मला बोलताना अडतं. हुकूम यायला वेळ लागेल. तो येईपर्यंत हलायचं नाही. थांबायचं.”

एवढं सांगायला मला इतका वेळ लागला की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पण ते सांगून झालं होतं. घरात, शाळेत, कॉलेजात जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते आठवीच्या पोरांना सांगितलं होतं.

“वर्ग,” मी म्हणालो. ‘सा’ आला आणि अडला. जबडा आवळला. या वेळी मी डोळे मिटू दिले नाहीत. पोरं विश्रामात उभी होती, हात मागं बांधलेले, नजर माझ्यावर. एकही हललं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज दूर जाऊन विरला, तरी माझा शब्द येईना. माझी नजर पोरांच्या डोक्यांवरून पलीकडं गेली.

भिंतीबाहेर दादा उभे होते. मी कळवलं नव्हतं. चुलतभावाकडून समजलं असावं. हर्रासात पुकारताना फुगायच्या तशा त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, छाती भरून आली होती, डोळ्यांत पाणी होतं. आणि उपरण्याचा बोळा करून त्यांनी तो तोंडात कोंबला होता, दातांत घट्ट धरला होता.

“...वधान.”

बारीक, चिरका, मध्येच तुटलेला असा तो आला. टाचा एकदम जुळल्या नाहीत, एकामागून एक जुळत गेल्या. पण सगळ्या जुळल्या. त्या पाठात मला काठावरचे गुण मिळाले. पुढचा हुकूम द्यायला मी तोंड उघडलं, तेव्हा पुन्हा भिंतीकडं बघितलं. दादांनी बोळा काढला नव्हता. पाठ संपून पोरं पांगेपर्यंत ते तसेच उभे होते.