मामाजींची शिंक

अंजनगाव सुर्जीला माझ्या सासऱ्यांचा पानमळा. मर रोगानं तो हळूहळू वाळत गेला आणि एकच वेल धड उरली. मी अकोल्यात टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि जेवताना फुशारकी मारायची सवय लग्नाआधीपासूनची. म्हटलं, मामाजी, एक फांदी द्या, बाटलीत हजार रोपं करून देतो. त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. लेक देतानाही ते इतके हळवे झाले नव्हते.

फांदीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, कापून, निर्जंतुक करून मी साखर घातलेल्या जेलीत लावायला बसलो. ही जेली रोपाला आवडते तेवढीच जंतूंनाही. म्हणून तोंडावर मास्क हवा आणि मास्कच्या आत तोंड बंद हवं. यातलं पहिलं मला जमतं. शेजारच्या सहकारी बाईंना मी मामाजींच्या शिंकेची गोष्ट सांगत होतो. ती आली की गोठ्यातली म्हैस दावं तोडते. पण नुसतं सांगून रंगेना. नक्कल करायची तर मास्क हनुवटीवर घ्यावाच लागतो. बाई हसल्या, मी खूश.

पुढच्या आठवड्यात मामाजी रोपं बघायला आले. प्रत्येक बाटलीत डोळ्याभोवती पांढरी, दुधाळ साय. त्यांनी एक बाटली उजेडाकडे धरली.

"जावईबापू, म्या पान देल्लं होतं. तुमी तं दही लावलं."

मी हवेला दोष दिला, पाण्याला दिला. बाईंना मात्र एकाएकी खोकला झाला. शेवटी कबूल केलं, की कुणीतरी शिंकलं.

"कोन शिंकलं?"

"मीच. पण शिंक तुमची होती."

ते हसले नाहीत. वेलीचा बुडखाही आता पिवळा पडून राहिला, एवढंच म्हणाले, आणि पिशवीतून ओल्या फडक्यातली आणखी एक फांदी काढली. निरोगी म्हणावी अशी तेवढीच उरली होती. मग त्यांच्या खिशातून बांधलेला विडा निघाला.

"हे बाटलीत. अन् हा तुमच्या तोंडात. काम होईस्तोर थुकाचं नाई, बोलाचं नाई."

"मामाजी, आत खायला मनाई आहे."

"मंग शिंकाले कावून चालते?"

विडा मी बाहेर ठेवला आणि मुकाट कामाला बसलो. शेवटचा डोळा लावून होईपर्यंत मामाजी काचेपलीकडं उभे होते, स्वतःच्या नाकावर रुमाल गच्च दाबून.