खालचं वावर

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मी गावाला घसा फोडून सांगितलं होतं. झाडाखालची माती घेऊ नका, बांधावरची नको, उकिरड्याजवळची तर मुळीच नको. नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता, मी कृषी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होते आणि आम्हा विद्यार्थ्यांवर आपापल्या गावची माती तपासायचं काम सोपवलं होतं. श्रीरामपूरकडचं आमचं गाव पाटपाण्याचं. ऊस, उसाला पाणी, पाण्यावर पाणी, आणि निम्मी रानं पाणी साचून चिबडलेली, वर मीठ फुटलेलं. ज्याचं रान सगळ्यात बिघडलंय त्याच्यात विद्यापीठ स्वतःच्या खर्चानं पाण्याचा निचरा व्हायला चर काढून देणार होतं, वर जिप्सम आणि हिरवळीच्या खतासाठी धैंच्याचं बी. मला ते आमच्याच खालच्या वावराला हवं होतं. स्वार्थ म्हणा हवं तर! आमची जमीन डोळ्यांदेखत मरत होती.

ठरल्या दिवशी आमचे सर शाळेच्या ओट्यावर बसले आणि लोक पिशव्या घेऊन आले. अगं बाई! काळीभोर, खडे वेचलेली, चाळणीतून काढलेली माती. एकानं तर स्टीलच्या डब्यात आणलेली. पोरगी दाखवायला काढावी तशी प्रत्येकानं आपली माती नटवून आणली होती. आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिशवी तर मी वासावरूनच ओळखली. गोठ्यामागची!

"अण्णा, खालच्या वावरातली कुठंय?"

"ती कशापायी चारचौघांत मांडायची? रानाला अब्रू असती."

"आणि रान मेल्यावर?"

"लई शिकली तू. बस खाली."

मी बसले नाही. रागानं कानशिलं तापली होती. कुदळ घेऊन तडक रानात गेले, उसाची बेटं पिवळी पडली होती तिथं खड्डा घेतला आणि पांढऱ्या पापुद्र्यासकट माती ओढणीत बांधून आणली. सगळ्यांसमोर सोडली. अण्णा उठले आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

सरांनी माती बोटांत चोळली. "हेच रान घेऊ," ते म्हणाले, "पण मालकानं हो म्हणायला हवं. दोन वर्षं ऊस नाही आणि पाटाचं पाणीही नाही."

घरात अबोला सुरू झाला. अण्णा माझ्या हातचा चहासुद्धा घेईनात. "दोघंबी सारखीच हेकट," म्हणून आई भांडी आपटायची. अण्णांचं एकच पालुपद, ऊस पिवळा पडलाय म्हणजे त्याला पाणी कमी पडतंय. अहो, मुळ्या कुजल्यात त्याच्या! पण ऐकतील तर शपथ. मग मीही ठरवलं, बोलणं बस. सकाळी उठायचं आणि खालच्या वावराच्या कडेनं आपणच चर खणायला लागायचं. हातांना फोड आले, फुटले, मी कुदळीच्या दांड्याला चिंधी गुंडाळली. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय बाईसाहेब, हीर खनताय व्हय?" मी म्हणायचे, "हो, या की हात लावायला." कुणी आलं नाही.

चर कमरेइतका खोल गेला आणि तळाशी पाणी पाझरायला लागलं. भर उन्हाळ्यात! मी ते ओंजळीत घेऊन चाखलं. खारट. अण्णा बांधावर उभे होते. मी नुसतं बोट दाखवलं. ते खाली उतरले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. मग घरी गेले.

त्याच सुमारास पाटाला उन्हाळी पाणी सुटलं. आमच्याकडे त्या पाण्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर जातात. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी दारात आला. "आज तुमचा नंबर हाय. कवा घेताय पानी?"

अण्णा तंबाखू मळत होते, त्यांचा हात थांबला. "खालच्या वावराला न्हाई घ्यायचं."

पाटकऱ्याला ती चेष्टाच वाटली. "डोकं ठिकान्यावर हाय का? उन्हाळी पानी हाय ह्ये!"

"ठाव हाय. पुढच्याला दे."

तो गेला. अण्णांनी मळलेली तंबाखू तशीच टाकून दिली. "पाटाच्या आपल्या चारीला पयलं पानी आलं तवा माझी आई पान्याच्या पाया पडून रडली हुती," ते म्हणाले. "त्याच पान्यानं मी रान मारलं." मग ते माझ्याकडे वळले.

"मी नको म्हनलो ते तुझ्या शब्दावर. तिथं शिकवत्यात तसंच व्हईल ना गं?"

परीक्षेत कधी फुटला नव्हता तो घाम मला तेव्हा फुटला. विद्यापीठाच्या प्लॉटवर मी अशी जमीन सुधारताना पाहिली होती. पण तिथं प्रयोग फसला असता, तरी कुणाची चूल विझणार नव्हती.

"होईल का ते मला नाही माहीत, अण्णा," मी म्हणाले. "मी करीन."