रिकाम्या गोठ्यातल्या गोचिडी

मांजर आडवं गेलं की माझी आई थांबते. मी त्या मांजराच्या कानात गोचिडी आहेत का ते बघते. धरमपेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये अमावास्येला लिंबू-मिरची बांधत नाहीत असा एकच दरवाजा आहे, तो माझा... आणि तो अजूनही तसाच आहे. भूतबित मला आजही पटत नाही. तरी हे लिहितेय, कारण मनातून जात नाही.

मी नागपूरच्या एका लॅबमध्ये गोचिडींवर काम करते. हसा! सासरचे पण हसतात. पण माणसाला-जनावराला लागलेला ताप कुठून आला, हे पुष्कळदा ती एवढीशी गोचीडच सांगते.

रामटेकच्या पुढे एक धानाचं गाव आहे. तिथले देवराव नागपुरात ॲडमिट होते. ताप उतरत नव्हता, कोणता ते कळत नव्हतं, औषधं लागू पडत नव्हती. उन्हाळ्यात त्यांचे दोन्ही बैल गोचीडतापाने गेले होते, म्हणून डॉक्टरांना शंका आली - गोठ्यातल्या गोचिडी सापडल्या, त्यांच्यात जंतू मिळाला, तर निदान औषधाची दिशा तरी ठरेल. तेवढ्यासाठी मी गेले. गाठ एका माणसाच्या जिवाशी होती.

पोळ्याचा आदला दिवस होता. पाऊस दडी मारून बसलेला, ऊन नुसतं वैशाखाचं. देवरावांची बायको, वंदनाताई, घरी एकट्याच. गोठा बैल गेल्यापासून रिकामा. आमची पद्धत साधी - पांढरं फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून ओढत न्यायचं, भुकेल्या गोचिडी त्याला जनावर समजून चिकटतात. मी दुपारभर ओढलं. एकही नाही! चिडचिड झाली नुसती. शेवटी दोन्ही खुंट्यांपाशी एकेक कापड अंथरलं आणि त्यावर ड्राय आइस ठेवला. त्यातून जो वायू निघतो तो जनावराच्या श्वासासारखा, त्याच्या ओढीने गोचिडी येतात.

सांजेला वंदनाताई वाटीत हळद-तूप घेऊन गोठ्यात आल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. पण इथे बैल कुठे होते?

"ताई, कोणाला हो?" मी विचारलं.

"त्याईनंच फोनवर सांगतलं जी, बैलाईले आवतन देजो म्हणून. म्या म्हटलं, बैल कुठी हायेत? तं म्हणे, तू दे वं, ते येतेत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तापात बोलून राहिले ते, समजते मले. पण नाही कसं म्हणू?"

खुंट्याजवळ उभ्या राहून त्यांनी हात वर केला, बैलाचा खांदा असतो तिथे, आणि हवेतच हळद-तूप चोळलं. आधी एका खुंट्यापाशी, मग दुसऱ्या.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या..."

मला गलबलून आलं. मी मान खाली घातली, म्हणूनच दिसलं - कापडावर तुपाचा एक थेंबही पडला नव्हता. वर बघितलं तर त्यांचा तळवा स्वच्छ. पदराला पुसला असेल, मी मनाशी म्हटलं. गोठ्याच्या दाराला कुलूप मी स्वतः लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि रामटेकला मुक्कामाला गेले.

सकाळी कुलूप मीच उघडलं. दोन्ही कापडांवर गोचिडी होत्या... टम्म फुगलेल्या, एरंडाच्या बियांएवढ्या! हे होऊच शकत नाही. पोट भरलेली गोचीड श्वासाच्या ओढीने येत नाही, ती जनावरावरून गळून पडते. आणि इतकं रक्त प्यायला तिला दिवसचे दिवस लागतात. चिमट्याने एक उचलली. तिच्या पाठीला पिवळं काहीतरी लागलं होतं. वास घेतला... हळद.

वंदनाताई पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. कापडांकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "आले वाटते." तेवढ्यात घरात फोन वाजला. देवराव पहाटे गेले होते.

लॅबमध्ये तपासलं. गोचिडींच्या पोटातलं रक्त बैलाचं निघालं. जंतू मात्र एकीतही नव्हता. देवरावांना कोणता ताप होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमचे सर म्हणतात, दुसऱ्या गोठ्याचं सॅम्पल मिसळलं असेल. मिसळलं नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या गोठ्यात गेलेच नव्हते. मी खूप डोकं फोडलं. हाती काही लागलं नाही.

तेरवीनंतर मी वंदनाताईंना भेटायला गेले. जंतू सापडला नाही हे सांगायचं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मॅडम, म्या आवतन दोघाईलेच देल्लं होतं जी. मंग हे काहून गेले त्याईच्या संगं? म्या देल्लंच नसतं, तं राह्यले असते का?"

"नाही हो ताई, असं काही नसतं," मी म्हटलं. आयुष्यभर हेच म्हणत आलेय मी. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे बघून म्हणता आलं नाही.