कॅमेऱ्याचे दात

आमच्या घरात कोरं असं काही येत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, बैलांच्या व्यापाऱ्याकडे हाकायच्या कामाला होते. व्यापारी धुळ्याच्या बाजारात जोड्या घ्यायचा आणि आबा त्या पायी हाकत गावोगावच्या बाजाराला न्यायचे. दोन दोन दिवस चालायचं, वाटेत कुणाच्या खळ्यावर टेकायचं. आयुष्यभर बैल हाकले, पण दावणीला स्वतःचा एकही नव्हता. आई लोकांच्या शेतात निंदणीला जायची. भडगावजवळ, गिरणेच्या काठाला आमचं गाव. दोन खोल्या आणि वर पत्रे.

व्यापाऱ्याच्या मुलीला गणवेश आखूड झाला की तो माझ्याकडे यायचा. तिची दप्तरं माझी, तिच्या चपला माझ्या. सायकल आली ती गावातल्या पोस्टमनने विकलेली, तिला पुढे टपालाच्या पिशवीचा हूक तसाच होता. कॉलेजला जळगावला गेले तेव्हा पुस्तकंही जुन्या बाजारातली. एका गाईडमध्ये आधीच्या मुलीने महत्त्वाच्या प्रश्नांवर लाल खुणा केल्या होत्या. मी तेवढेच पाठ केले. पेपरात त्यातला एकही आला नाही. तरी मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली आणि उतरताना हातात डिग्री असलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते.

कॉलेजात असतानाच लग्नांचे फोटो काढायला लागले. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली. मग जळगावातल्या एका फोटोग्राफरने धंदा बंद केला, त्याचा कॅमेरा मी घेतला. तो म्हणाला, "जास्त चाललेला नाही, ताई. घरच्या घरी वापरलाय." मी विश्वास ठेवला. कॅमेऱ्याने आजवर किती वेळा शटर मारलं हे आत मोजलेलं असतं, त्याला शटर काउंट म्हणतात. ते बघायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण समोर वयाने मोठा माणूस, त्याला खोटं कसं ठरवायचं म्हणून बघितलं नाही. घरी आल्यावर बघितलं. एवढ्या क्लिक झाल्या होत्या की त्याने अख्ख्या जळगावची लग्नं लावली असावीत.

आबांना समजावून सांगितलं. त्यांना लगेच कळलं. बैलाचं वय दातांवरून सांगतात. दोनदाती, चारदाती, मग सगळे दात आलेला तो जुळलेला. अजून दुधाचेच दात असलेला तो आदत. आबा जबडा उघडून बघायचे तेव्हा बैलही मुकाट उभा राहायचा.

"दात देखात का तू?" आबांनी विचारलं.

"नाही."

"इतली शिकनी, पन दात देखाले नही शिकनी."

आई आत भाकरी थापत होती, तिला हसू आवरेना. मला राग आला.

तो कॅमेरा मी सात वर्षं वापरला. त्याच्या पट्ट्यावर आधीच्या मालकाच्या स्टुडिओचं नाव पिवळ्या धाग्याने शिवलेलं होतं. लग्नात लोक मला त्याच स्टुडिओची समजून हाक मारायचे. "ओ स्टुडिओवाल्या ताई, इकडे नवरीच्या मामाचा घ्या!" मी वळायचे. पट्टा बदलता आला असता. का बदलला नाही ते आज कळतं. कॅमेरा आपला आहे असं मनातून कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत धुळ्या-जळगावात सगळ्यांच्या हातात नवे, आत आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले. माझ्या बरोबरीचा एकजण भर मांडवात म्हणाला, "ताई, हे म्युझियमला देऊन टाका. तिकीट लावतील." सगळे हसले, मीही हसले. पैसे साठलेले होते, तो प्रश्न नव्हता. खरंच गरज आहे का, हाच प्रश्न होता. जुना चालत होता. ऑर्डरी येत होत्या. फक्त उजेड कमी झाला की फोटोत दाणे यायचे, बाजरीचं पीठ भुरभुरल्यासारखे. नवा घ्यायचा म्हणजे मिरवायला घ्यायचा की कामाला, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. आठ महिने मी यूट्यूबवर लोकांचं बोलणं ऐकलं. एक म्हणायचा घ्या, दुसरा म्हणायचा थांबा, पुढचं मॉडेल येतंय. सगळं ऐकून डोकं जड व्हायचं आणि मी लॅपटॉप मिटायचे.

शेवटी आबांपुढे विषय काढला. म्हटलं, जुना ठेवू की नवा घेऊ?

आबांना प्रश्नच विचित्र वाटला. बाजारात असं कुणी तोंडी ठरवत नाही. तिथे बैल घ्यायचा तर भरलेल्या गाडीला जुंपतात, चाकं दोरीने बांधतात आणि ओढायला लावतात. जो बांधलेल्या चाकांची गाडी हलवतो तो घ्यायचा.

"जुना बी ने, नवा बी ने," आबा म्हणाले. "एकच गाडीले जुपीसन देख."

माझी बांधलेल्या चाकांची गाडी कोणती, हे मला लगेच सुचलं. आमच्या घरच्या कानबाई देवीची आरती.

श्रावणातल्या रविवारी आमची सगळी भावकी गावात मोठ्या आत्याच्या घरी जमते. तिला अख्खं गाव अक्का म्हणतं. केळीच्या खांबांच्या मांडवात, चौरंगावर नारळाची कानबाई सजते. नथ, डोळे, हिरवी साडी. आरतीच्या वेळी अक्का घरातले सगळे बल्ब बंद करायला लावते आणि फक्त समया ठेवते. फ्लॅश मारायला बंदी. "कानबाईना तोंडवर ती ईज नको पाडू," असं तिने मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तेव्हापासून दरवर्षी मी त्या आरतीचे फोटो काढायचे आणि दरवर्षी ते वाया जायचे. एकतर हललेले, नाहीतर दाणेदार. लोकांच्या लग्नांचे अल्बम केले, पण आमच्या कानबाईचा एक धड फोटो घरात नव्हता.

यंदा धुळ्याच्या एका दुकानातून नवा कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणला. दुकानदार चाचा साठीतले, बापापासून फोटोच्या सामानाचा धंदा. मी आधार कार्ड पुढे केलं तर म्हणाले, "बेटी, कार्ड राहू दे. परत आणताना लेन्सला हळद नको, एवढंच."

रविवारी दोन्ही कॅमेरे घेऊन मी अक्काच्या घरी उभी राहिले. उजव्या खांद्यावर जुना, गळ्यात नवा. आबा दाराशी बसले. बैलबाजारात जोडी जुंपताना बसतात तसे, दोन पायांवर, हात गुडघ्यांवर टाकून.

बल्ब गेले. समया राहिल्या. बायकांनी गाणं धरलं.

आधी जुना काढला. खटाक्! पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळल्या. पुन्हा खटाक्. अक्का गाता गाता डोळ्यांनीच रागावली. फोकस पुढे जायचा, मागे यायचा, समईच्या ज्योतीवर जाऊन अडकायचा. पाच सहा फोटो घेतले आणि तो खाली ठेवला. सात वर्षांचा सोबती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग नवा. त्याचा आवाज बंद करता येतो हे वाचलं होतं, ते केलं. बटण दाबलं तर काहीच वाजलं नाही. मला वाटलं फोटो निघालाच नाही. पुन्हा दाबलं. कुणी वळलं नाही. अक्का डोळे मिटून गात होती, तिच्या सुरकुत्यांत समईचा उजेड भरला होता, आणि कॅमेऱ्याने तिचा चेहरा असा धरून ठेवला होता की ती डोलली तरी सुटत नव्हता.

आरती झाल्यावर बल्ब लागले. मी आबांना दोन्हींचे फोटो लॅपटॉपवर एकामागून एक दाखवले. कोणता कशातला ते सांगितलं नाही. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी मान मागे घेऊन लांबून बघितलं. जुन्यातले फोटो हाताने पुढे सरकवायला सांगितले. अक्काच्या फोटोवर थांबले.

"हाऊ वढस," आबा म्हणाले. म्हणजे हा गाडी ओढतो.

अक्काही डोकावली. "कव्हय काढा व? माले समजनं बी नही!" मग स्वतःकडे बघतच राहिली. "माय व," एवढंच म्हणाली, आणि रोटाचा प्रसाद माझ्या हातावर जरा जास्तच ठेवला.

म्हणजे ठरलं. मला वाटलं ठरलं. पण दुकानात खरी गंमत झाली.

मंगळवारी आबांना घेऊन धुळ्याला गेले. चाचांनी सीलबंद खोका काउंटरवर ठेवला. आबांनी तो उचलला, उलटा केला, कानाशी हलवून बघितला.

"भाऊ, याचं तोंड दाखवा."

"नाना, कंपनीचं सील आहे. घेतल्यावरच फोडायचं."

तोंड न बघता माल घ्यायचा, हे आबांना पटेना. त्यांनी बाजूला ठेवलेला भाड्याचा कॅमेरा ओळखला. "हाऊ जुपेल शे. हाऊच ली," मला म्हणाले. "खोकामातला आदत शे. त्याले कोनी जुपेल नही."

त्यांच्या हिशोबाने ते शंभर टक्के बरोबर होते. न जुंपलेलं गोऱ्हं पूर्ण भावात कोण घेईल? मागे एकदा दात न बघता फसलेली मुलगी पुन्हा तेच करतेय, असंच त्यांना दिसत होतं. चाचाही म्हणाले, "वापरलेला स्वस्तात देतो. तब्येत एकदम चांगली. नाना बरोबर बोलतायत." दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

मी खोक्यावर हात ठेवला.

"आबा, आपला घरमा बठ्ठं दुसरास्नी जुपेल वनं," मी म्हटलं. सगळं दुसऱ्यांनी वापरूनच आलेलं. "गणवेश, सायकल, पुस्तकं. हाऊ मी जुपसु."

आबांनी खांद्यावरचा गमछा काढला, काउंटरवरून चाचांच्या हातावर टाकला आणि खाली बोटं घातली. बैलांचा भाव असाच होतो, गमछ्याखाली, बोटं दाबून, तिसऱ्याला कळू न देता.

चाचा दचकले. "नाना, ये क्या! इथे फिक्स रेट आहे!" पण हात काढला नाही. हसत हसत म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हो. किती म्हणालात?"

"आकडा म्हटलाच नाही," आबा म्हणाले. "पूर्ण हात दाबला. सौदा पटला. तुमचा भाव मान्य."

जन्मभर दुसऱ्यांचे सौदे नुसते बघितलेल्या माणसाने स्वतःचा पहिला सौदा केला होता, आणि घासाघीस न करता. चाचांनी कौतुकाने एक कोरा पट्टा वर दिला. काळा, त्यावर कुणाचंच नाव नाही.

खोका तिथेच फोडला. सील मी कापलं. बॅटरी घातली, लेन्स बसवली. आबांना म्हटलं, बसा त्या खुर्चीवर. ते बसले, टोपी नीट केली आणि कॅमेऱ्यात बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

"आते कितला दात?" त्यांनी विचारलं.

"एक, आबा."

यंदाच्या हिवाळ्यात त्या कॅमेऱ्याने मी धुळ्यात आणि जळगावात चौदा लग्नं केली. काळ्या पट्ट्यावर आईने आमचं आडनाव शिवलं आणि लोक आता त्या नावाने हाक मारतात. अक्काचा समईतला फोटो मोठा करून तिच्या घरात लावला आहे. जुना कॅमेरा दुसऱ्या खांद्यावर असतो, दिवसाच्या उजेडात अजून चांगला चालतो. नव्यातला एक नंबरचा फोटो आबांचा आहे. आमच्या घरात आलेली ती पहिली कोरी वस्तू, आणि ती मी माझ्या कमाईने आणली.