तापाच्या दिवसाचा रिकामा रकाना

डिचोलीच्या सभागृहात मला स्टेजवर नेलं आणि स्टीलच्या ताटात चिखल पुढे केला. डॉक्टर माईकवर म्हणाले, "चाख रे. लोकांना दाखव."

लोक हसले. कॅमेरे पुढे आले. मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. तो चिखल आमच्या खाऱ्या खाजनातला नव्हताच. बाहेरच्या कुंडीतली माती पाण्यात कालवलेली. शेणखताची चव. मी म्हटलं, ह्यात मीठ नाही. आणखी हसले. थुंकायला जागा नव्हती. गिळलं.

राग आला नाही. काहीच आलं नाही. खाली उतरलो, मागच्या खुर्चीवर बसलो.

डॉक्टर म्हणजे भाताचे शास्त्रज्ञ. माझ्याहून पुष्कळ लहान, तरी मला अरे म्हणत. सत्कार त्यांचा. खाऱ्या जमिनीतल्या भातावर त्यांनी लेख लिहिला होता. जगातल्या किती शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखात त्याचा आधार घेतला, तो आकडा पडद्यावर मोठा करून दाखवला. हा आकडा वाढला की शास्त्रज्ञ मोठा होतो, असं बाजूच्या माणसाने मला सांगितलं.

ते भात माझ्या शेतातलं. नार्व्यात नदीकाठी आमचं खाजन आहे. भरतीचं पाणी बांधातून झिरपतं, म्हणून जमीन खारी. पावसाने मीठ धुतलं की पेरायचं. धुतलं की नाही ते जीभ सांगते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, तिथली माती जिभेच्या मध्यावर ठेवायची, थुंकायची. तोंडात चहासुद्धा जायच्या आधी. बापाने शिकवलं. मी सांगेपर्यंत शेजारी मोड आलेलं बी शेतात टाकत नसत.

डॉक्टर एका पावसाळ्यात मातीतलं मीठ मोजायचं यंत्र घेऊन आले. यंत्र बिघडलं. दुरुस्तीला गेलं ते भात कापेपर्यंत आलं नाही. म्हणाले, तूच चाखून सांग. मी सबंध पावसाळा रोज सांगितलं. कडक. झोंबतं. जाणवतं. गोडं. मी दुसरीपर्यंत शिकलेला, हात हळू. लेक तेव्हा शाळेत जायची, ती तारीख घालून वहीत लिहायची. वही डॉक्टर घेऊन गेले.

सत्काराला लेखाची छापील प्रत सगळ्यांना वाटली. मीही एक घरी आणली. इंग्रजी. लेक आता धारगळला नांदते, हायस्कुलात शिकवते. गणेशचवथीला माहेरी आली तेव्हा वाचायला बसली. वाचता वाचता थांबली.

"बाबा, हे आपल्या वहीतलं."

तक्ता होता. तारखा आमच्या. माझ्या शब्दांच्या जागी आकडे. वर लिहिलेलं, यंत्राने मोजलं. एका तारखेपुढे रकाना रिकामा, नुसती रेघ. अष्टमीच्या जत्रेत मी भिजलो होतो, दुसऱ्या दिवशी ताप. तोंड कडू. लेकीला म्हटलं होतं, आज लिहू नको, जीभ खोटी बोलेल. तिने रेघ मारली. तीच रेघ छापली होती.

यंत्राला ताप येत नाही.

शेवटी आभार. गाडीच्या ड्रायव्हरचे, टाइप करणाऱ्या बाईचे, नावानिशी. माझ्यासाठी दोन शब्द. स्थानिक मजूर. माझ्याच शेतात मी मजूर.

सभागृहात मी काय गिळलं, ते तेव्हा कळलं.

लेकीला म्हटलं, ज्यांनी छापलं त्यांना लिही. ही मापं यंत्राची नाहीत, माझ्या जिभेची. तिने पत्र लिहिलं, खाली माझी सही व्हायची होती. पण लेक सरळ. आधी डॉक्टरांना कळवलं. ते घरी आले. पहिल्यांदाच चपला बाहेर काढल्या.

"काका, सही करू नका. लेख मागे घ्यावा लागेल. इतक्या लोकांनी आधार घेतलाय त्याचा. पुढच्या लेखात तुमचं नाव घालतो."

मी विचारलं, "मापं खोटी आहेत?"

"नाहीत."

"मग यंत्राचं नाव काढा. माझं घाला. ह्याच लेखात."

"जिभेचं माप कोण मानणार, काका?"

"तुम्ही मानलंत."

ते उठले. चहा आणि उंडो पाव पुढे ठेवला होता, तसाच राहिला. गेले.

मी सही केली. मोठ्या अक्षरांत, वेळ लावून. पत्र स्वतः पोस्टात टाकलं. उत्तर अजून नाही. लेख बाद होईल, म्हणतात. त्याच्याबरोबर माझी जीभही बाद होईल, हेही मला कळतं. होऊ दे. दुसऱ्याच्या नावाखाली खरी ठरण्यापेक्षा माझ्या नावाने बाद झालेली चालेल.

मी उद्याही चाखणार. शेत माझं आहे. पण ताटात नाही. ज्याला दाखवायचं असेल त्याने उपाशीपोटी शेताच्या मेरेवर यावं, स्वतः वाकावं, स्वतःची जीभ लावावी. आणि माझ्याकडून माप हवं असेल तर वही उघडून आधी माझं नाव लिहावं. मला वाचून दाखवावं. मग मी बोट मातीत घालीन.