गलाईवाल्याच्या पोरीचे दात

"माजं ऱ्हाऊ द्या. पोरीचं बघा."

बोलताना तो तोंडावर आडवा तळवा धरायचा, त्यामुळे शब्द बोटांतून गाळून आल्यासारखे यायचे. पलूसला ज्या दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते, तिथं तोंड झाकून बोलणारे पुष्कळ येतात. पण याचं दुखणं वेगळं होतं. त्याचे पुढचे दात झिजून अर्धे उरले होते, भिजलेल्या खडूसारखे. असे दात दिसले की आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हा गलाईवाला. मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत गेलेला, जुने दागिने वितळवून, तेजाबात उकळून सोनं शुद्ध करणारा. तेजाबाची वाफ आधी पुढच्या दातांना धरते.

तो आमच्या कुंडलचाच. दिवाळीला गावी आला आणि चार वर्षांच्या पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात हजर झाला. आमच्या डॉक्टर मॅडमची नजर आधी त्याच्याच तोंडाकडे गेली, तेव्हाचं हे वाक्य. पुढे ते कितीदा ऐकलं.

पोरीच्या पुढच्या दातांचे काळे खुंट झाले होते, दाढांत खड्डे. घास गालात धरून बसायची, चावायची नाही. मॅडमनी बोट घातलं तर मात्र कडकडून चावली.

"जोर हाय म्हणायचा अजून," तो म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

त्याचा प्रश्न एकच होता, धुरानं झालं का? तिकडं तमिळनाडूत भट्टीच्या वरच्याच खोलीत ते राहायचे. मॅडमनी सांगितलं, धुराचा संबंध नाही; साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपवलं की असं होतं. त्याचं समाधान होईना. बाहेर येऊन मला विचारलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे अख्ख्या गावाला माहीत आहे आणि मीही ते विसरू देत नाही. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही, बीएस्सी म्हणायचा.

"बीएस्सी, तू आपल्यातली. खरं सांग."

मी तेच सांगितलं. तेव्हा त्याची बायको खाली बघत बोलली. पोर जिना उतरून भट्टीकडं जाऊ नये म्हणून बाटली द्यायची सवय लावली होती. बाटली असली की ती जागची हलत नसे.

त्यानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे धुरानं न्हाई. पर धुरापायीच."

मी पुढच्या तारखेची चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी त्याची आई म्हणत होती, दुधाचे दात, पडायचेच आहेत, कशाला खटाटोप. मी जाऊन समजावलं की दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत लागतात, तोवर पोरीनं काय पेजेवर राहायचं? म्हातारीनं बोळकं उघडून दाखवलं आणि म्हणाली, मी ऱ्हातीया की.

खरी अडचण भुलीची होती. एवढं काम पोर जागेपणी करू देणार नव्हती. सांगलीला नेऊन, भूल देऊन, एकदमच सगळं करायचं होतं. हे ऐकलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. त्याच्या दुकानातला एक जोडीदार दार लावून भट्टीपाशी आडवा झाला होता, तो सकाळी उठला नव्हता. वायूनं झोपलेलं माणूस उठतं यावर त्याचा विश्वासच उरला नव्हता.

"झोपवायचं समदी सांगत्यात. उठवायचं कोण सांगतंय?"

त्यानं चालढकल केली. मग एका सकाळी पोरीचा गाल एवढा सुजला की डोळा मिटला. औषधांनी सूज उतरली, तसा तो स्वतःच दारात आला. बीएस्सी, तू संगं चल म्हणाला.

सांगलीत भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यानं सांगितलं, आधी मला हुंगू द्या. ते वयस्कर होते, हसले नाहीत. म्हणाले, ती जागी होईपर्यंत मी तिच्या उशाशी बसणार, तिचा श्वास बघत, दुसरं काही करणार नाही. हे त्याला पटलं. जोडीदाराच्या उशाशी कोणी नव्हतं.

आत काम चालू असताना तो दाराच्या फटीला नाक लावून वास घेत होता. नर्सनं दोनदा हटकलं.

पोर उठली, रडली, पाणी मागितलं. दाढांवर चांदीच्या रंगाच्या टोप्या बसल्या होत्या. मला वाटलं, सुटला बिचारा.

पण जायच्या आदल्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, बायको-पोर इथंच राहतील. मॅडमनी सांगितलं, बाटली सोडवलीत तेवढं पुरे आहे. मी म्हटलं, दादा, तिथंच लांब खोली घे. मालक भट्टी सोडून राहू देत नाही, म्हणाला. बायको आमच्या सगळ्यांसमोर बोलली, "टोप्या डागदरनी बसवल्या. बाप कोण बसवनार?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला.

रोज सांजेला त्याचा फोन यायचा, दात दाव म्हणून. पोर मोबाईल जवळजवळ तोंडातच घालायची आणि तिकडं त्याला सगळा पडदा चकचकीत दिसायचा. पुढे पुढे ती लांबूनच "घासलं" म्हणून खेळायला पळू लागली.

यंदाच्या दिवाळीला तो आला नाही. खोकला वाढलाय, म्हणे. मला आठवतो तो मागच्या दिवाळीतला. पोरीला सहावं सरलं होतं, खालचा पहिला पक्का दात नुकताच आला होता. तो बघायला दोन दिवस तिच्या मागे मागे फिरला. ती ओठ घट्ट मिटून आजीच्या पदरात शिरायची. शेवटी तपासायचं निमित्त काढून तिला दवाखान्यात घेऊन आला.

मॅडमनी सांगताच तिनं तोंड उघडलं. तो खुर्चीमागून वाकला आणि मॅडमच्या हातातल्या बारक्या आरशात बघू लागला. दात कोरा होता, तांदळाच्या कणीएवढा वर आलेला, कडेला करवतीसारखे बारीक दाते. मॅडमनी आरसा मुद्दाम जरा वेळ तसाच धरला.

"झालं?" पोरीनं मॅडमना विचारलं, आणि तोंड मिटून घेतलं.