सुमनच्या घरात मुंगी नव्हती

नर्सांच्या ड्यूटी रूममध्ये किस्से असे साठतात की विचारू नका! चहा गाळेपर्यंत एक होतो, कप विसळेपर्यंत दुसरा. सत्तर सालच्या आसपास मी कोल्हापुरात एका सर्जनच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते. तिथलं काही सांगायला लागले की आमचे हे म्हणतात, "जेवताना नको हं!" म्हणून जेवणं झाल्यावर सांगते. सगळे किस्से सुमनचे. सुमन माझ्याबरोबर ड्यूटीला होती. बिद्रीकडच्या खेड्यातली, घरचा ऊस, आणि आवाज असा की पेशंट गुंगीतून उठावा!

*

पहिली आली सुमनची आजी. छातीत गाठ, चांगली लिंबाएवढी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, इतके दिवस काय केलंत?"

"पावणं आलंय, ऱ्हाईल चार दिस आन जाईल की आपसूक!"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. दिवाळीच्या आत आजी गेली.

*

मग आत्या आली. सुमनच्या वडिलांची बहीण, ह्याच आजीची लेक. कॉट नेमकी आजीचीच रिकामी होती. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, इतके दिवस काय केलंत?

आत्या पदर सारखा करत म्हणाली, "पावणं आलंय, जाईल की आपसूक."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. आजी बोलली तेव्हा आत्या तिथं नव्हती हो! मी सुमनकडे बघितलं. ती थर्मामीटर झटकत होती, ती झटकतच राहिली.

*

त्या हिवाळ्यात मी सुमनच्या घरी गेले. गुऱ्हाळाचे दिवस. सोप्यात गुळाच्या ढेपा उघड्या पडलेल्या, आणि त्यावर एक माशी नाही! मुंगी नाही, झुरळ नाही, भिंतीवर पाल नाही. गुळाच्या घरात एवढी शांतता मी कधी बघितली नव्हती.

सुमनची आई कौतुकानं म्हणाली, "आमच्यात मुंगीबी फिरकत न्हाय बघा शिस्टर! पावडर मारली की झालं."

डीडीटीची पावडर. धान्याच्या कणगीत तीच, अंथरुणाखाली तीच, पोरींच्या डोक्यात उवांना तीच. उसावरच्या औषधाचे डबे घासूनपुसून त्यात गोडेतेल भरलेलं. "मांजर तेवढं जगत न्हाय," ती म्हणाली, "किती आणली, मरत्यातच." आणि माझ्यापुढं गूळ-शेंगा ठेवल्या. काय करणार, खाल्ल्या!

*

पुढं सुमनच्या आईलाच गाठ निघाली.

सुमनला तेव्हा गारगोटीच्या एका मास्तरांचं स्थळ सांगून आलेलं. पोरगा तिलाही आवडलेला. पण ती अडून बसली. "आधी कळू दे, ह्ये पावडरीचं हाय का रक्तातलं. पावडरीचं असलं तर उद्याच उकिरड्यावर टाकतो ती. रक्तातलं असलं तर मला लगीनच नको. मला पोरगी झाली म्हंजे?"

डॉक्टर मूळचे मुंबईचे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आई म्हणजे ह्या घरची सून. परक्या घरातून आलेली. तिलाही झालं, म्हणजे रक्ताचा संबंध नसावा."

झालं! आम्ही पेढे मागवले. आईला गाठ आणि वॉर्डात पेढे! पण खरंच मागवले.

सुमन ड्यूटीवर आली. तिनं पेढा हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई परकी कुठली? आजीच्या भावाचीच लेक ती. माझ्या वडलांनी मामाचीच पोरगी केल्या."

आमच्याकडं मामाची पोरगी करतातच की! पण एकीच्या तरी डोक्यात यावं? सुमननं पेढा परत ठेवला. आम्हीही कुणी खाल्ला नाही.

*

शेवटी सुमननंच हलीमाचाचीला आणलं. चाची बांगड्या भरायची. सुमनच्या घरातल्या पुढच्या खोलीत ती लग्न होऊन आल्यापासून भाड्यानं राहायची. कणगीतलं तेच धान्य, डब्यातलं तेच तेल, पण रक्त वेगळं. तिला काही दुखतखुपत नव्हतं. सुमनच्या हट्टापायी तपासून घ्यायला आलेली.

डॉक्टर बजावत होते, "अगं, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही!" पण ऐकतंय कोण! चाची पडद्याआड गेली आणि आम्ही सगळ्या बाहेर उभ्या राहिलो. सुमन अंबाबाईचं नाव घेत होती. मीही घेत होते. आणि एकदम लक्षात आलं, आम्ही देवीकडं काय मागतोय ते! तरी तोंडातलं नाव थांबेना.

पडदा सरकला. चाची झंपरची बटणं लावत बाहेर आली. तोंडभर हसत होती. तिनं सुमनचे दोन्ही गाल हातात धरले.

"सुमे, लगीन कर बेटा! गाठ हाय मला!"